बाईंच्या सत्कारातली दहा मिनिटं

सत्काराच्या शालीला एक वास असतो. प्लास्टिकच्या पिशवीचा, गोदामाचा. त्या दिवसानंतर तो वास आला की मला मळमळतं.

माझ्या गाण्याच्या बाई डोंबिवलीत असतात. एका शाळेतली वरच्या मजल्यावरची खोली त्यांना रविवारची मिळते, तिथे त्या कित्येक वर्षं मुलांना शिकवतात. वर्गात सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी शिकलेली मीच. आठवीत शाळा सुटली, मग वाशिमकडचं गाव सुटलं. भावाकडे राहून एमआयडीसीतल्या कंपनीत गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायला लागले. भावाच्या मुलीला क्लासला सोडायचे आणि दाराबाहेर बसून राहायचे. एकदा बाई बाहेर आल्या. "काय गं, दाराला कान लावून मान अवघडली असेल. आत बस."

"मले काही येत नाही," मी म्हटलं. आतली पोरं 'मले, मले' करून हसली.

बाई वळल्या. "तिचं 'मले' सुरात होतं. तुमचं हसणं बेसूर आहे."

तेव्हापासून मी आत बसते. शाळेत मला इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

म्हणून आमच्या भागातल्या मंडळाने गुरुपौर्णिमेला बाईंचा सत्कार ठरवला तेव्हा मी हरखून गेलेले. मंडळाचे कार्यवाह भावाच्याच बिल्डिंगमधले. म्हणाले, "ताई, बाई नाही म्हणतात. तू राजी कर ना." मी गेले. बाई म्हणाल्या, "शाली ठेवायला माझ्याकडे जागा नाही. पण मुलांचं गाणं दहा मिनिटं नीट ऐकणार असतील, तर येते. विचारून सांग."

"दहा काय, पंधरा घ्या! टेन्शन नको घेऊ," कार्यवाह म्हणाले. त्यांच्या भरवशावर मी बाईंना शब्द दिला.

सहा रविवार तालीम झाली. सुरुवातीचा आलाप मी एकटीने घ्यायचा होता. त्या काळजीने मला जेवण जात नव्हतं.

त्या दिवशी आम्ही तासभर आधी हॉलवर गेलो. बाईंनी स्टेजवर बसून तंबोरा जुळवला. एकदा जुळवलेला तंबोरा जागचा हलवायचा नाही, हे आमच्या वर्गातल्या सहा वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. बाई मुलांना पाणी द्यायला खाली गेल्या आणि डेकोरेटरची माणसं सोफा घेऊन वर आली.

"प्रमुख पाहुणे मधे बसणार, फोटोत हे काय मधेमधे," कार्यवाह म्हणाले. एकाने वडा खाल्लेल्या तेलकट हाताने तंबोरा खुंट्यांना धरून उचलला, कोंबडीची मान धरावी तसा. भिंतीला टेकवला. दुसऱ्याने त्यातल्याच एका खुंटीला हारांची पिशवी अडकवली. मी तिथेच उभी होते. "दादा…" एवढंच तोंडातून निघालं. बोलले तर कार्यक्रमच रद्द करतील, अशी भीती वाटली.

पाहुणे दीड तास उशिरा आले. मागच्या बॅनरवर त्यांचा चेहरा दाराएवढा, बाईंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. आमच्या वर्गाच्या खोलीतला पंखा दोन उन्हाळे बंद आहे, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. 'कलेला आश्रय' मात्र भाषणात तीनदा आला. शाल तर बाईंना तीनदा घातली आणि दोनदा काढली, कारण फोटो नीट येत नव्हता. तिसऱ्या वेळी पाहुण्यांच्या एका कानाला फोन होता.

तेवढ्यात कार्यवाह पडद्यामागे माझ्याकडे आले. "ताई, गाणं कट करू या हां. साहेबांना घोडबंदरला पोचायचंय, ट्रॅफिक असतं. तू दोन शब्द बोल. गावची पोरगी, शाळा सुटलेली, बाईंनी कशी घडवली. लोक रडले पाहिजेत." त्यांनी हातात कागद दिला.

आणि मी तो वाचला. पाहुण्यांचं नाव, त्यांची पदं, त्यांचे आभार. बाई शेवटच्या ओळीत होत्या. टाळ्या पडल्या. त्या हॉलमध्ये मला सगळ्यांची किळस आली, पण स्वतःची आली तेवढी कुणाचीच नाही.

मग बाईंना उत्तर द्यायला बोलावलं. त्या माइकवर म्हणाल्या, "दहा मिनिटं ठरली होती. मुलांनो, या."

कार्यवाहांचा चेहरा पडला. आम्ही सोफ्यापुढे जमिनीवर बसलो. बाईंनी तार छेडली. सूर पार गेलेला. शालीनेच खुंटीवरचं तेल पुसून त्यांनी तंबोरा पुन्हा जुळवायला घेतला. एक मिनिट, दोन, पाच. खालून कुणीतरी ओरडलं, "आजी, मोबाईलमध्ये ॲप असतं ना!" हशा. दुसऱ्या माइकवरून कार्यवाह म्हणाले, "मागे भोजन सुरू झालेलं आहे." खुर्च्या कर्रकर्र वाजल्या. पाहुणे आमच्या पोरांना ओलांडत स्टेजवरून उतरले. बाईंचा कान तारेवरच होता.

"आता लागला. गा," त्या म्हणाल्या.

मी सूर लावला आणि आवाज फाटला. बाईंनी हात वर केला. "पुन्हा सा. घाई नाही." भर हॉलमध्ये, वर्गात थांबवतात तसंच. दुसऱ्यांदा लागला. मग मुलंही गाऊ लागली. ताटांचा खणखणाट चालू होता, पुलाव पुढे सरकत होता. समोर पाच-सात आई-बाप, त्यातले दोघे मोबाईलवर शूटिंग करत होते. गाणं चालू असतानाच कार्यवाह वर चढले. "बाई, एक फोटो राहिला, जरा सोफ्यावर बसता का?" बाईंनी डोळे उघडले नाहीत. मग कार्यवाहांनीच आमच्या मधोमध उभं राहून फोटो काढून घेतला.

पण दहा मिनिटं पूर्ण झाली.

परतताना रिक्षात मी रडत म्हटलं, "बाई, मी तो कागद वाचला."

"वाचलास. पुढच्या वेळी वाचू नकोस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा लावलास तो सा बरा होता."

या वर्षी कार्यवाहांचा पुन्हा फोन आला. बाईंच्या ओळखीतल्या, आंबिवलीच्या एका तबल्याच्या सरांचा सत्कार. "सर ऐकत नाहीत गं. तू बोललीस तर येतील."

एकाच बिल्डिंगमध्ये राहायचं आहे, भावाला उद्या काय ऐकावं लागेल कोण जाणे. तरी विचारलं, "सर वाजवतील तेव्हा बसून कोण ऐकणार?"

"ऐकणार म्हणजे? सत्कार आहे ताई, मैफल नाहीये."

"मग मी नाही विचारणार त्यांना," मी म्हटलं आणि फोन ठेवला.