पडद्यामागचे फोटो

तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. मापं घेताना ओठांत चार-दोन टाचण्या धरायच्या आणि तशाच गप्पा हाणायच्या, ही तिची सवय. आजवर एकही गिळली नाही, याचा तिला भारी अभिमान.

आधी ती तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. मग थोरल्या बहिणीला कॅन्सर झाला आणि एका बाजूचा स्तन काढावा लागला. बहीण कपड्यात रुमालाची घडी खुपसून वावरू लागली. एकदा ती घडी भर पाहुण्यांत खाली पडली. त्याच आठवड्यात मावशीनं आतून मऊ उशीचा कप्पा असलेली ब्रा शिवून दिली. बहिणीनं ती घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आता मी बिनधास्त वाकेन गं."

एकीनं दुसरीला सांगितलं, आणि बघता बघता तेच मावशीचं काम झालं. पुढच्या खोलीत मशीन, मागे जाड पडदा, पडद्याआड उंच आरसा. पट्टा कुठे ओढतोय हे नंतर निवांत बघता यावं म्हणून ती बाईला विचारून फोनवर फोटो काढायची. चेहरा कधीच नाही. खांदा, पाठ, तेवढंच. कपडा गेला की फोटो पुसून टाकायची. निदान तिची तशी समजूत होती.

एका रविवारी ती लेकीकडे जेवायला गेली होती. जावयाचे दोन मित्रही आले होते. कोपऱ्यातल्या मोठ्या टीव्हीवर घरचे फोटो आपोआप सरकत होते. नातीचे पडलेले दात झाले, सहलीतलं तळं झालं, आणि मग अख्ख्या पडद्यावर एका बाईची उघडी पाठ आली. काखेखालून पुढे वळलेला व्रणही दिसत होता.

मावशीनं ती पाठ क्षणात ओळखली. लेक ताडकन उठून टीव्हीसमोर उभी राहिली. मित्र ताटात बघू लागले.

"आई, हा फोटो इथे कसा?" जावई गोंधळून गेला.

"तेच मी तुम्हाला विचारतेय, जावईबापू."

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. नवा फोन घेतला तेव्हा जावयानंच तो लावून दिला होता आणि सगळ्या घराचा मिळून एक अल्बम केला होता. मावशीनं काढलेला प्रत्येक फोटो तिकडे जात होता. तिच्या फोनवरून पुसला तरी तिथली प्रत तशीच.

"सोयीसाठीच केलं होतं हो, आई. तुमचा एकही फोटो हरवू नये म्हणून."

"तुमचा हेतू वाईट नव्हता. पण त्या बायकांनी पाठ मला दाखवली होती, तुमच्या दिवाणखान्याला नाही."

जावयाचा चेहरा पडला. "आणा फोन, आत्ता सगळं बंद करतो."

"तुम्ही नका करू. तुम्ही सांगा, बोट मी फिरवते. पुढच्या वेळी मला कुणाची वाट बघायची नाही."

जेवण तसंच राहिलं. तिनं अल्बममधले बायकांचे सगळे फोटो पुसले, त्यातून आपला फोन बाहेर काढला, पासवर्ड बदलला आणि नवा जावयालाही सांगितला नाही. मग एकेका ॲपला काय काय बघायची मुभा आहे, ते तपासू लागली.

"हे काय? या टॉर्चला माझ्या भावजयीचा नंबर कशाला हवा?"

"नकोच आहे खरं तर," जावई ओशाळून म्हणाला.

"मग काढा म्हणा पाय इथून!" तिनं टॉर्च उडवला. लेकीला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी मावशी टीव्हीवर पाठ दिसलेल्या त्या बाईंकडे गेली. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. मावशीनं आडपडदा न ठेवता घडलेलं सांगितलं. बाईंनी पहिलं विचारलं ते एवढंच.

"कुणी ओळखलं मला?"

"नाही. पण तुम्हाला न सांगता तुमचं माप पुन्हा घेणं मला जमलं नसतं."

"राग आलाय मला."

"यायलाच हवा."

बाईंनी फोन मागून घेतला. पुसलेले फोटो ज्या कचरापेटीत पडून राहतात ती त्यांनीच उघडून दाखवली. तिथेही फोटो होते. दोघींनी मिळून ती रिकामी केली. कपडा मात्र बाईंनी लगेच न्यायला नकार दिला. मावशीनं आग्रह केला नाही.

बाकीच्या बायकांनाही तिनं एकेकीला गाठून सांगितलं. दोघींनी काम काढून घेतलं. एकजण तासभर रडली आणि मग स्वतःच चहा टाकून बसली. मावशीनं इंटरनेट नसलेला जुना साधा कॅमेरा मिळवला. फोटो काढायचा तो त्यावरच, आणि काम झालं की जिचा फोटो तिनंच पुसायचा, असं ठरलं. पडद्याआड जाताना सगळ्यांचे फोन, मावशीचासुद्धा, बाहेरच्या टोपलीत. बायकांना हे एवढं आवडलं की शिकवणीही सुरू झाली. मापं राहिली बाजूला, आणि कुणाच्या फोनमध्ये कोण डोकावतंय याचीच झडती चाले. भूगोलाच्या बाई महिन्याभरानं कपडा न्यायला आल्या आणि थेट शिकवायलाच बसल्या.

परवा इलॅस्टिक पुरवणारा विक्रेता नवं ॲप घेऊन आला. फोन समोर धरला की शरीराची मापं आपोआप निघतात म्हणे.

मावशीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "छान आहे. काढलेले फोटो कुठे जातात?"

"ते... विचारून सांगतो."

त्यानं खरंच विचारलं. दोन दिवसांनी येऊन प्रामाणिकपणे म्हणाला, "कंपनीकडे जातात, मावशी. किती दिवस ठेवतात ते त्यांनाही नीट सांगता येईना."

"मग राहू दे. रुंद इलॅस्टिक आणलंयस का? मऊ दे, मागच्या वेळचं टोचत होतं," असं म्हणून तिनं गळ्यातली टेप काढली आणि पडद्याआड वाट बघणाऱ्या बाईला हाक मारली, "आले हं!"