घरात गेलेली गोळी

"मॅडम, ट्रायलच्या गोळ्या दुसऱ्याच बाईनं खाल्ल्यात. आणि ती दोन जिवांची हाय."

सकाळचे दहा वाजले होते. मी ऑफिसात येऊन नुकतीच बसले होते. फोनवर कुसुमताई कांबळे होत्या. फोन कट झाला असं वाटून त्यांनी दोनदा विचारलं, "ऐकू येतंय न्हवं?"

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मेंबर सेक्रेटरी होते. नव्या औषधाची माणसांवर चाचणी करायची, म्हणजे ट्रायल घ्यायची, तर आधी या कमिटीची परवानगी लागते. कमिटीत डॉक्टर असतात, वकील असतो आणि एक ले मेंबर असावाच लागतो. ले मेंबर म्हणजे वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा माणूस. लोकांच्या बाजूनं बघणारा. आमच्या ले मेंबर या कुसुमताई. मलकापूरच्या पुढच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर अंगणवाडी चालवली होती.

ट्रायल गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची होती. प्राण्यांवरच्या चाचणीत या गोळीनं पोटातल्या पिलांना अपाय झाला होता. म्हणून ट्रायलमध्ये फक्त पाळी थांबलेल्या बायका घ्यायच्या असं ठरलं होतं. कागदावर सगळं चोख होतं.

परवानगीच्या मीटिंगमध्ये कुसुमताईंनी एकच प्रश्न विचारला होता. "गोळ्यांची बाटली घरात कुठं ठेवायची?"

ट्रायलचे प्रमुख डॉ. जाधव हसले. "कुठंही ठेवा. लेबलवर मराठीत लिहिलंय, फक्त याच पेशंटसाठी."

"लिवलंय खरं, साहेब. पण आमच्यात गोळी एकाची नसती. एकीला गुण आला की सगळं घर खातंय."

दोघंतिघं हसले. चहा आला होता. "लक्षात ठेवू," असं म्हणून मी पुढचा विषय घेतला. मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, मीच लिहिलं. त्यात हा प्रश्न नव्हता. मुद्दाम गाळला असं नाही. तो लिहिण्यासारखा आहे असं मला वाटलंच नव्हतं.

तो फोन आला तेव्हा मला पहिल्यांदा त्या गर्भार मुलीची आठवण झाली नाही. मिनिट्सची झाली. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

मी डॉ. जाधवांना फोन केला. ते म्हणाले, "ती आपली पेशंट नाही. टेक्निकली ती ट्रायलमध्ये नाहीच."

"सर, गोळी आपली आहे."

ते हळूच म्हणाले, "किती खाल्ल्या?"

"माहीत नाही. मी निघाले. कंपनीला कळवा, आणि चेअरमनसाहेबांनाही."

गाडी मलकापूरच्या रस्त्याला लागली. मी पंचवीस वर्षं औषधशास्त्र शिकवलं होतं. गर्भाचा कुठला अवयव कितव्या आठवड्यात तयार होतो, तो तक्ता मला पाठ होता. त्या दिवशी तो माहीत नसता तर बरं झालं असतं.

कुसुमताई मलकापूरच्या स्टँडवर थांबल्या होत्या. गाडीत बसताना म्हणाल्या, "घरात गेल्यावर आधी मी बोलते. तुमी एकदम इंग्रजी काढू नका."

त्यांना हे कळलं होतं त्यांच्या गावातल्या दूध डेअरीत. सकाळी दूध घालायला आलेल्या हौसाबाई पाटील, आमच्या ट्रायलमधल्या पेशंट, शेजारणीला सांगत होत्या, गोळीनं माझे गुडघे मोकळे झाले, सुनेची पाठदुखीही थांबली. सून गरोदर आहे हे गावात नुकतंच कळलं होतं. ही गोळी गरोदर बाईला चालत नाही, असं हौसाबाईंना सांगून कुसुमताईंनी बरणी तिथंच ठेवली आणि मला फोन लावला.

दारात हौसाबाईंचा मुलगा उभा होता. धिप्पाड, हात शेणानं भरलेले. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पावणं कुठलं म्हणायचं?"

"दवाखान्यातल्या मॅडम हायत. बाजूला सर, संदीप," कुसुमताई म्हणाल्या. तो सरला. अंगणवाडीत त्याचा हात धरून पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं.

सून रूपाली. बावीस-तेवीसची असेल. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पुढं येईना. हौसाबाई आधीच रडत होत्या. "मी काय वाईट म्हणून दिलं व्हय? पोरगी वाकायला लागली की कळवळायची. चांगली गोळी हाय म्हणूनच दिली की!"

"तुमाला कोण बोलतंय का?" कुसुमताईंनी त्यांना खाली बसवलं. मग रूपालीला जवळ बोलावलं. "किती खाल्ल्यास बाळ?"

"सात. न्हायतर आठ."

"पहिली कवा?"

तिला तारीख सांगता येईना. मी डायरी काढून बसले होते. माझ्या प्रश्नांनी ती आणखीनच घाबरली. कुसुमताईंनी वेगळं विचारलं. "जोतिबाची यात्रा झाली तवा खाल्लीवतीस का त्याच्या आधी?"

"यात्रंसनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी. डोंगर चढून पाठ धरलीवती."

"आणि पाळी कवा चुकली?"

रूपालीनं सासूकडं बघितलं. मग खाली मान घालून सांगितलं.

मी डायरीत आठवडे मोजले. पुन्हा मोजले. सहावा, सातवा, आठवा. बाळाचं हृदय आणि टाळू तयार होण्याचे नेमके तेच आठवडे. संदीप माझ्या डायरीकडं बघत होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

एक आशा अजून होती. अशा ट्रायलमध्ये निम्म्या बायकांना खरी गोळी देतात आणि निम्म्यांना औषध नसलेली, हुबेहूब तशीच दिसणारी. कुणाला कुठली, हे पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही. जिवाचा प्रश्न आला तरच ते गुपित फोडतात. त्याला कोड ब्रेक म्हणतात. मी अंगणात जाऊन डॉ. जाधवांना बाटलीचा नंबर दिला.

पाऊण तास फोन आला नाही. गोठ्यात म्हैस पाय आपटत होती. मी देवाधर्मातली नाही, पण त्या पाऊण तासात मी कुठले कुठले नवस बोलले ते सांगत नाही.

फोन वाजला. "खरी गोळी आहे," डॉ. जाधव म्हणाले.

आत जाऊन सांगायचं मलाच होतं. मी जेवढं माहीत आहे तेवढंच सांगितलं. प्राण्यांमध्ये मोठ्या डोसनं अपाय झाला होता. माणसांत काय होतं ते कुणालाच माहीत नाही.

"म्हंजे बाळाला काय हुईल?" रूपालीनं विचारलं.

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित होईल. मला आज सांगता येत नाही."

"तुमी डॉक्टर हाय न्हवं?" संदीपचा आवाज चढला. "तुमाला म्हाईत न्हाई तर आमच्या आईला गोळी दिलीसा कशाला?"

मी डायरी मिटून ठेवली.

गर्भपाताचा पर्यायही मी समजावला. त्याची मुदत सांगितली. हौसाबाई म्हणाल्या, "मोकळी करा तिला." कुसुमताई म्हणाल्या, "आज कोण काय ठरवू नका. आणि ठरवायचं ते ह्या पोरीनं." चार दिवसांनी रूपालीनं कुसुमताईंच्या फोनवरून मला सांगितलं, "मी ठेवणार हाय."

त्याच आठवड्यात कमिटीची तातडीची मीटिंग झाली. आमचे चेअरमन निवृत्त न्यायाधीश. त्यांनी फाइल पुढं ओढली. "गोळी घरात वाटली जाईल, हा धोका परवानगीच्या वेळी कुणी मांडला नव्हता का? मिनिट्समध्ये दिसत नाही."

कुसुमताई समोर होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मांडला होता, सर," मी म्हणाले. "कुसुमताईंनी. मी लिहिला नाही."

चेअरमननी चष्मा काढला. "मग आज लिहा."

ट्रायल थांबवली. सगळ्या बाटल्या परत मागवल्या. आणखी दोन घरांत गोळ्या वाटल्या गेल्या होत्या, पण तिथं खाणारे म्हातारे होते. राजीनामा द्यायचा असं मी ठरवलं होतं. कुसुमताई म्हणाल्या, "आधी पोरगी बाळंत हू दे. मग कुठं जायचं तिकडं जावा."

पुढचे महिने कसे गेले ते मंगळवार पेठेतल्या माझ्या शेजारणी सांगतील. मी कुणाच्या बारशाला गेले नाही. पाचव्या महिन्यात रूपालीची मोठी सोनोग्राफी झाली. मी बाहेर बाकावर बसले होते. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, "दिसतंय ते ठीक आहे. सगळंच यात दिसत नाही." रूपालीनं पहिलंच वाक्य ऐकलं आणि हसली. मी दुसरं ऐकलं. हृदयाची वेगळी तपासणी झाली. तीही ठीक आली. तरी माझी झोप परत आली नाही.

मुलगी झाली. बालरोगतज्ज्ञांनी तिच्या तोंडात बोट घालून टाळू चाचपला, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ ऐकत राहिले. मी दोनदा विचारलं, ठीक आहे ना? मग ते म्हणाले, "चांगली आहे हो. एवढं काय घाबरलाय?" हौसाबाईंनी नात घेतली नाही. माझ्या हातानं नगं, म्हणाल्या. पहिल्यांदा कुसुमताईंनी घेतली.

ती आता धावते, बोलते. दरवर्षी तिची तपासणी होते. दरवर्षी त्या दिवशी मला जेवण जात नाही.

ट्रायल पुन्हा सुरू झाली, पण त्याआधी गावातल्या बायकांची समाजमंदिरात बैठक झाली. गोळ्या घरी न्यायच्याच नाहीत, रोज उपकेंद्रात येऊन नर्ससमोर घ्यायच्या, असं त्यांनीच ठरवलं. निम्म्या बायकांनी नाव काढून घेतलं. हौसाबाई पहिल्या. वेळ वाढला म्हणून कंपनी कुरकुरली.

राजीनामा मी दिला नाही. निवृत्त होईपर्यंत नव्या मेंबरांना एवढंच सांगत आले. आपण संमतीची सही एका बाईची घेतो, पण गोळी सगळ्या घरात जाते. त्या घरात ज्याचा रोजचा वावर आहे, त्याला मीटिंगमध्ये आधी बोलू द्यावं. चहा नंतर.