कोऱ्या कागदावरचा अंगठा

रोज सकाळी आंघोळ झाली की पितांबर वकील धुळ्याच्या देवपुरातल्या घराच्या ओट्यावर बसत आणि घरातल्या प्रत्येक कोऱ्या कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शाईची रेघ ओढत. चांगला कागद वाया जातो, असं पत्नी वच्छलाबाई सुरुवातीला म्हणत. पुढे त्यांनी म्हणणं सोडलं.

पारोळ्याकडच्या शेतकरी घरातले पितांबर १९२६ साली वकिलीची सनद घेऊन धुळ्याला आले. साक्रीच्या डोंगरपट्टीतले पक्षकार दोन दिवस मोडून पायी येत. त्यांना पुन्हा हेलपाटा नको म्हणून ते तीन-चार कोऱ्या कागदांवर अंगठे आधीच घेऊन ठेवत; मजकूर मागाहून लिहायचा. बरेच वकील तसं करत. त्यात दया होती, थोडा आळसही.

तानुबाईचे असेच चार अंगठे घेतलेले होते. ती विधवा, आणि नवऱ्याचं सात बिघे शेत तिच्या दिराला, रुपचंदला हवं होतं. वकिलांचा मुनशी मगन याने त्यातला एक कागद रुपचंदला दिला. तानुबाईने राजीखुशीने शेत सोडलं, असं त्यावर लिहिलं गेलं आणि मामलेदाराच्या दप्तरी शेत रुपचंदच्या नावावर चढलं.

तानुबाई ओट्याखाली येऊन बसली. रागावली नाही.

"आबा, कागद कोरा व्हता, इतलंच सांगा साहेबले."

तेवढं पुरलं असतं. पण १९३७ची निवडणूक तोंडावर होती. पितांबर उमेदवार होते आणि साक्रीकडची मतं रुपचंद आणणार होता. शिवाय बोललं तर सनद जाण्याची भीती. मतं पडू दे, मग बोलतो, असं त्यांनी तिला सांगितलं. अपिलाची मुदत त्यांना पाठ होती. ती संपली त्या दिवशी त्यांच्या विजयाची मिरवणूक पांझरा नदीच्या पुलावरून चालली होती, आणि गुलालातल्या माणसांमागे, कठड्याशी, तानुबाई उभी होती.

कायदेमंडळाच्या पुण्याच्या अधिवेशनात ते एकदाच लांब बोलायला उठले. अंगठा घेण्याआधी मजकूर पंचांसमोर वाचून दाखवावा, अशी त्यांची मागणी होती. अर्ध्या वाक्यावर ते थांबले, प्रेक्षकांच्या सज्जाकडे बघत राहिले आणि खाली बसले. फी मिळाल्याशिवाय धुळ्याचे वकील वाक्य पुरं करत नाहीत, अशी शेजारच्या सभासदाने चेष्टा केली. सज्जात त्या दिवशी कोणी बाई नव्हती.

१९४६ साली पक्ष पुन्हा तिकीट देत होता. ते नको म्हणाले. मगनचं आणि स्वतःचं नाव घालून त्यांनी सगळं प्रतिज्ञापत्रात लिहिलं आणि साक्रीला गेले. मामलेदाराने कागद अदबीने परत केला. मुदत कधीच सरली होती, आणि दाद मागणारीही उरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याच शेतात मजुरीने निंदताना तानुबाई गेली होती.

धुळ्याला परतल्यावर त्यांनी सनद स्वतःहून परत पाठवली. पुढच्या वैशाखात ताप आला, तो उतरला नाही. तिसऱ्या दुपारी वच्छलाबाईंनी पेजेची वाटी पुढे केली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली.

"भायेर तानुबाई बशेल शे. तिले पह्यले वाढ."