मागच्या बाकावरची हजेरी

आमचं स्वतःचं वावर नव्हतं. हिवरखेडला दसरा झाला की माय फडक्यात भाकरी बांधायची आणि आम्ही सगळे दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जायचो. मजुरी किलोवर, त्यामुळे घरात कोणी रिकामं बसलेलं चालत नसे. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला रुततात. आधी कातडं सोलून निघतं, मग बोटं सुजतात. भाजीत मीठ टाकताना मायच्या तोंडून नुसता "स्स" निघायचा.

अमरावतीला बी.ए.ला होते तेव्हाही वेचणीला मी गावी यायचे. दुसऱ्या वर्षी हजेरी कमी भरली, परीक्षेचा फॉर्म थांबला, वर्ष वाया गेलं. माय म्हणाली, "माह्यापायी झालं हे." त्यानंतर तिने मला वावरात पाय ठेवू दिला नाही. मी एम.ए. झाले. घराण्यातली पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही.

पुढे अकोल्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला लागले. पहिल्याच तासाला सांगून टाकायचे, "हजेरी नाही तर फॉर्म नाही." ज्याचं वर्ष गेलं त्यालाच हजेरीची किंमत कळते, असं माझं म्हणणं.

एका वर्षी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. राहायची जुन्या शहरात, बसायची शेवटच्या बाकावर. आवाज असा, की मोर्णा नदीच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडचा रिक्षावाला थांबेल. दसऱ्यानंतर तिने धिंगाणा सुरू केला, तोही फक्त हजेरीच्या वेळी. मी "सतरा" म्हणायचे, मागून बारीक आवाज यायचा, "येस मॅडम." "एकोणीस" म्हटलं की घोगरा. मी मान वर करेपर्यंत हिला खोकल्याची उबळ यायची आणि वर्ग हसायला लागायचा.

"कोण बोललं?"

"कोनी नाही मॅडम, मले सर्दी होऊन राहिली."

एका सकाळी मी रजिस्टर बंद केलं आणि म्हटलं, आज एकेकाने उभं राहून हजेरी द्यायची. दोनच नंबर झाले असतील, तोच ती किंचाळली, "मॅडम, साप! तुमच्या खुर्चीखाली!"

पोरं बाकांवर चढली. शिपाई काठी घेऊन धावत आला. आणि मी, वावरात वाढलेली बाई, साडी सावरत खुर्चीवर उभी! खाली काहीच नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, साप गेला, उतरा आता." वर्ग हसत सुटला. नोकरीत असा अपमान कधी झाला नव्हता. त्याच दिवशी मी लेखी तक्रार दिली.

प्राचार्यांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. "माफी लिहून दे. आणि कोणाकोणाची हजेरी देत होतीस ती नावं सांग. नाहीतर फॉर्म थांबेल तुझा."

"माफी लिहून देते सर. नावं नाही सांगत."

"वर्ष जाईल."

"जाऊ द्या."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर रडले होते, ती ही पोरगी एखादी ऑटो चुकल्यासारखी सोडून देत होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या दारात रोल नंबर सतरा उभी राहिली. तेल्हाऱ्याकडून एसटीने येणारी, अगदी गरीब स्वभावाची. हात ओढणीखाली.

"मॅडम, तिचा फॉर्म नका थांबवू. तिनं आमच्यासाठी केलं. आमी पाच जणी वेचणीले जातो."

"कशावरून खरं मानू?"

तिने हात पुढे केले. नखांच्या कडा फाटलेल्या, दोन बोटांना चिकटपट्टी. टेबलावर मायचे हात ठेवल्यासारखे वाटले. तीन आठवडे वर्गात पाच जागा रिकाम्या होत्या, बाहेर वेचणीचे दिवस होते, आणि मला, मला दिसलं नाही!

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी तर पहिल्याच दिवशी सांगतलं, हजेरी नाही तर फॉर्म नाही. मंग कोन सांगन?" ती थांबली. "आन् तुमाले वेचणीचं काय समजते, मॅडम?"

माझ्या अंगावर इस्त्रीची साडी होती. संध्याकाळी फोनवर मायला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "तुले बी नाही दिसलं?"

तक्रार मी परत घेतली. खोटी हजेरी मात्र खोडली. ती ठेवणं मला जमलं नसतं. मग सतरा नंबरला विचारलं, "पहिला वेचा कधी संपतो?"

"परवा."

पुढची बोंडं फुटून दुसरा वेचा यायला पंधराएक दिवस जातात, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तेवढ्या दिवसांत दुपारी जादा तास घ्यायची आणि ते हजेरीत धरायची परवानगी मी प्राचार्यांकडून मागून आणली. त्या जोरदार आवाजवालीलाही बोलावलं.

"मले काहून मॅडम? माही हजेरी पूर्ण हाये."

"पाच जणींची देत होतीस ना? आता पाच जणींसोबत बस. पहिल्या बाकावर."

ती रोज आली. ठेचा-भाकर त्या पाच जणी तिच्यासाठी आणायच्या, तासाच्या आधीच संपायची. पहिल्या दिवशी मी हजेरीला सुरुवात केली तेव्हा तिने गंभीर चेहरा करून आधी माझ्या खुर्चीखाली वाकून बघितलं. "काही नाही मॅडम, बसा." मीही हसले. मग मी त्यांना माझ्या गेलेल्या वर्षाबद्दल सांगितलं. कोणी खोकलं नाही.

जादा तासांनी पाचही जणींची हजेरी भरली. सहाही जणींचे फॉर्म गेले. सहाही जणी पदवीधर झाल्या, आणि त्यांतल्या चौघी त्यांच्या घरातल्या पहिल्या आहेत.