बाबूजींची अकरा मिनिटं

बाबूजींच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घशाचं ऑपरेशन झालं त्याच्या आदल्या हिवाळ्यात टीव्हीवाले आमच्या गावी आले होते. गाव गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यातलं. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेली माणसं. चॅनल सरकारी होतं. शेतीच्या कार्यक्रमात तलावाची पाळ, म्हणजे बांध, कशी घालतात ते सांगणारा कोणी म्हातारा त्यांना हवा होता. बाबूजी पाळीवर उभे राहून सांगत गेले. कार्यक्रम लागला तेव्हा गोंदियाजवळ फुलचूरच्या माझ्या घरी सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून मी तो उतरवून घेतला. अकरा मिनिटं.

बाबूजींचा खोकला थांबेना, उन्हाळ्यात घशाला गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. बाबूजी जगले, पण आवाज गेला. औषधपाण्यासाठी ते आणि माय माझ्याकडेच राहू लागले. बाबूजी पाटीवर लिहून बोलत. दुपारी जेवण झालं की टीव्हीकडे बोट करत आणि मी ती अकरा मिनिटं लावून देई. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. ती आधी टीव्हीतल्या आजोबांकडे बघे, मग खाटेवरच्या. बाबूजींना त्याचं हसू येई. त्या हसण्यालाही आवाज नसे.

मग केबलवाल्यांनी जुने बॉक्स बदलायला काढले. जुना बंद होणार, नवा फुकट. घरी आलेल्या माणसाला मी जुना बॉक्स स्वतः काढून दिला, कागदावर सही केली. दुपारी नव्या बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला. कार्यक्रमाचं नाव दिसलं, अकरा मिनिटंही दिसली. पडदा मात्र काळाच.

"काऊन नाई चालून राहिला?" माय विचारत राहिली. मी कॉम्प्युटरवर लावून पाहिलं. तिथंही तेच.

गोंदियाच्या बाजारात केबलवाल्याचं दुकान आहे. त्याने पेन ड्राइव्ह दोन-तीनदा लावून पाहिला. म्हणाला, "मॅडम, फाइल तो है. पर इसका ताला उसी बॉक्स से खुलता था." सिनेमे उतरवून कोणी विकू नयेत म्हणून कंपनी प्रत्येक रेकॉर्डिंगला असं कुलूप लावते, हे त्याने समजावून सांगितलं. हा सिनेमा नाही, माझे वडील आहेत, असं मी म्हणाले. तो माणूस वाईट नव्हता. माझ्यासमोरच त्याने गोदामात फोन लावला. जमा झालेले बॉक्स भंगारात गेले होते.

मी चॅनलला पत्र लिहिलं. चॅनल लोकांच्या पैशावर चालतं, तलाव गावाचा आहे, बोलणारा माणूस माझा बाप आहे; एक प्रत द्या. दुसऱ्या पत्रानंतर उत्तर आलं. कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्याने केला होता, हक्क त्याच्याकडे होते, आणि मूळ चित्रण चॅनलकडे ठेवलेलं नव्हतं. निर्मात्याचा फोन लागत नव्हता. त्याला लिहिलेलं पत्र परत आलं.

ते उत्तर मी बाबूजींना वाचून दाखवलं. त्यांनी पाटी ओढली आणि सावकाश लिहिलं, "आवाज माहा. मग माह्यासाठीच कुलूप कायले?"

मग त्यांनीच ओल्या फडक्याने पाटी पुसली. त्यानंतर त्यांनी टीव्हीकडे कधी बोट केलं नाही. दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मुलगी जवळ गेली तर तिच्या डोक्यावर हात ठेवत, एवढंच.

धान कापणीला यायच्या आधी ते गेले.

टीव्हीवाले येऊन गेले तेव्हापासून ऑपरेशनपर्यंत चार-पाच महिने बाबूजी माझ्याशी रोज फोनवर बोलत होते. मोबाइल माझ्या हातातच असायचा. एकदाही रेकॉर्ड केलं नाही. आपल्याकडे आहे की, असं वाटायचं. माय अजून सांगते, ते पाळीवर काय काय बोलले. शब्द तिला पाठ आहेत. पण ती सांगते तिच्या आवाजात. मी डोळे मिटून त्यांचा आवाज आठवायला बसते, तर ऑपरेशनआधीचा तो खोकलाच तेवढा ऐकू येतो.