पुढे कोण बसणार?

माझ्या आयुष्यातली पहिली स्वतःची मालमत्ता दोन चाकांवर उभी होती आणि तिला खिडकी नव्हती.

मस्कतमधली बरी चाललेली नोकरी सोडून मी एसी-प्लंबिंगची कंपनी काढली होती. कंपनीत माणसं दोन : मालक म्हणून मी आणि मिस्त्री म्हणून रत्नागिरीकडचे उस्मानभाई. पहिलं काम मिळालं ते थेट साडेपाचशे किलोमीटरवरच्या दुक्मला, एका कामगार कॅम्पचं. तिथे एक वॉशर कमी पडला तरी मस्कतची वाट धरावी लागते, असं सगळे सांगत. म्हणून अख्खं दुकानच ओढून न्यायला हा चारी बाजूंनी बंद ट्रेलर घेतला आणि मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या आमच्या बिल्डिंगसमोर, पिकअपच्या मागे जोडून उभा केला.

अडचण एकच होती. आमची यशू, वय वर्षं नऊ, माझ्याशी बोलत नव्हती. बाबा आता महिना-महिना दुक्मला राहणार हे कळल्यापासून तिचा सगळा कारभार आईमार्फत चालायचा. जेवताना मी समोर बसलेला असायचो आणि ती म्हणायची, "ममा, त्याला सांग, मीठ पास कर." असा अबोला धरलेल्या लेकीला मागे ठेवून जायचं, या विचारानं मला घास उतरत नव्हता. (वजनही उतरत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.)

मग मी शक्कल लढवली. ट्रेलरमध्ये सामान लावणं हे घरचं कार्य करून टाकलं. मांडणी सुजाताकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. डब्यांवर मराठीत नावं लिहिण्याचं काम यशूकडे. त्या निमित्तानं तिचं मराठी सुधारेल आणि दोन शब्द माझ्याही वाट्याला येतील, असा हिशेब.

मी 'पाने' म्हणून सांगितलं, तर तिनं स्पॅनरच्या डब्यावर नावाशेजारी हिरवीगार वेल काढली.

"अगं, झाडाची नाही. एक पाना, अनेक पाने."

"ममा, त्याला विचार, मग झाडाच्या लीव्ज्‌ना काय म्हणायचं?"

"पानेच," मी म्हणालो आणि विषय बदलला. पुढे बारीक खिळ्यांचा डबा आला. "लिही, चुका."

पेन थांबलं. "ममा, चुका म्हणजे मिस्टेक्स ना? ह्या बाबाच्या आहेत?"

"बाबाच्या एवढ्याशा डब्यात कशा मावतील?" सुजाता म्हणाली.

मांडणी तिनं स्वयंपाकघराच्या नियमानं केली. रोज लागणारं हाताशी, कधीमधी लागणारं वर. पुढच्या कोनाड्यात छोटी बुद्धमूर्ती पक्की बसवली. जड वस्तूंना मात्र मी कुणाला हात लावू दिला नाही. वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसर, पाइप कापायचं यंत्र, सगळं मागच्या दाराशी. उतरवायला सोपं!

"सगळंच मागे?" सुजातानं विचारलं. "एकीकडे भार नाही का होत?"

"मेकॅनिकल इंजिनिअर कोण आहे?"

ती गप्प बसली. (ती गप्प बसली की मला जिंकल्यासारखं वाटतं. इतकी वर्षं झाली लग्नाला, तरी वाटतं.)

तेवढ्यात उस्मानभाई पिकअप सोडवून पेट्रोल भरायला गेले. आम्ही तिघं ट्रेलरच्या आतच होतो. मी दोघींना म्हटलं, "इकडे दाराशी या, मागून बघा कसं दिसतंय." आतला दिवा किती छान पडतो ते दाखवायचं म्हणून दारही ओढून घेतलं.

आम्ही तिघं मागे आलो आणि ट्रेलरनं नाक वर केलं.

आधी सावकाश, मग एकदम. आम्ही घसरत दाराशी, आमच्यामागून पाने, आणि त्यांच्यामागून झाकण उडालेल्या डब्यातल्या सगळ्या चुका थेट माझ्या डोक्यावर. बुद्धमूर्ती तेवढी जागची हलली नाही. कुणाला लागलं नव्हतं, पण दार ढकललं तर त्याची खालची कड जमिनीत रुतलेली. माझा फोन पिकअपमध्ये, सुजाताचा वर घरात.

"ममा," यशूनं सुरुवात केली, थांबली, आणि सरळ माझ्याकडे वळली. "बाबा, इट्स अ सी-सॉ. आपण सगळे वर जाऊ या."

इतक्या दिवसांनी लेक माझ्याशी बोलली, आणि बोलली ते विज्ञान. आम्ही रांगत वर चढलो. ट्रेलरनं थोडा विचार केला आणि धाडकन पुढे टेकला. "चला, आता दार उघडतो," म्हणून मी उठलो, तर नाक पुन्हा वर.

"खाली बस!" मायलेकी एकदम ओरडल्या.

यशू जाऊन बघते म्हणाली, तर एका पावलात ट्रेलर कुरकुरला. मागे सरकलेल्या सामानानं असा काही तोल धरला होता की तिघांपैकी एकानंही हलायची सोय नव्हती. मग मी कोपऱ्यात, सुजाता मला टेकून, आणि यशू माझ्या मांडीवर, असे आम्ही उस्मानभाईंची वाट बघत बसलो. खरं सांगतो, पेट्रोल पंपावर गर्दी असावी असं मला वाटायला लागलं होतं.

"बाबा," यशू हळूच म्हणाली, "दुक्मला असं झालं तर तुझ्याबरोबर पुढे कोण बसणार?"

एवढे दिवस मला वाटत होतं पोरगी रागावलीय. ती घाबरली होती.

"उस्मानभाई आहेत ना."

तिनं विचार केला. "ते खूप बारीक आहेत."

बाहेर पिकअप थांबली. "साहेब? ह्या काय झाला? दार लावून आत काय करताव?"

"वजन धरून बसलोय, उस्मानभाई. आधी गाडी जोडा."

त्यांनी गाडी जोडली, दार उघडलं, आणि आतला पसारा बघून "सगला मागं कशाला ठेवलाव?" एवढंच विचारलं. सुजातानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत तिघांनी मिळून जड सामान पुढे आणि चाकांवर घेतलं. मला चुका वेचायला बसवलं होतं.

शुक्रवारी निघालो. सुजातानं माझ्यासाठी बेसनाचे लाडू केले होते. यशू खाली आली, मला घट्ट मिठी मारली, आणि माझ्या हातातला लाडवांचा डबा काढून घेऊन ती पिकअपच्या पलीकडच्या बाजूला गेली.

"चाचा, हे सगळे तुम्ही खायचे. बाबाला नाही द्यायचे. तुम्ही जाड व्हा."

"इन्शाल्ला, बाय," उस्मानभाई गंभीरपणे म्हणाले आणि डबा मांडीवर घेतला.

माणूस शब्दाचा पक्का. गाडी मी चालवत होतो, कंपनी माझी होती, लाडू माझ्या बायकोचे होते, आणि दुक्म येईपर्यंत मला नुसता वास मिळाला.