पोटावरचा शिशाचा पत्रा

बासष्ट-त्रेसष्ट साली सांगलीच्या इस्पितळात माझ्या छातीतल्या कॅन्सरला किरणं देणारा माणूस माझ्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. मी गरोदर होते. तो शिशाचा जड पत्रा माझ्या पोटावर ठेवायचा, कडा चाचपायचा आणि पोटालाच म्हणायचा, "भिऊ नगंस रं गड्या." मला चीड यायची.

एकदा सासूबाई पत्रा उचलायला गेल्या. "आवं, वझ्यानं पोर दबंल."

त्यानं त्यांचा हात झटकला. "सूर्याला गिरान लागल्यावर पोटुशा सुनंला आंधारात बसवताय न्हवं? ह्येबी तसंच. पोराला झळ लागू देणार न्हाई."

शेवटच्या दिवशी पत्रा काढून तो सासूबाईंना म्हणाला, "गिरान सुटलं बगा." त्यांनी हात जोडले. माझी छाती भाजल्यासारखी जळत होती.

"आणि मी?" मी विचारलं.

दोघंही माझ्या पोटाकडेच बघत राहिले.